चौक खाली नसतो, जोते वर असते

अहमदाबादहून मेहसाण्याच्या दिशेने निघालेल्या यात्रेकरूंच्या गाड्या शंखेश्वर, तारंगा किंवा महुडीच्या ओढीने पुढे धावत असतात. शहराच्या उत्तरेस सुमारे अठरा किलोमीटरवर अडालज हे गाव लागते. तेथे शिखर नाही, कळस नाही, दुरून दिसेल असे काहीच नाही. कारण जे पाहायचे ते सारे जमिनीखाली आहे. वाघेला राजा वीरसिंह याची राणी रूडाबाई हिने बांधविलेली ही वाव संवत १५५५, म्हणजे इ. स. १४९९ ची. तीन दिशांनी उतरणारे जिने पहिल्याच टप्प्यावर एकत्र येतात, आणि तेथून पाच मजल्यांची वास्तू खाली खाली जात पाण्याशी पोचते. वरच्या पायरीवर वैशाखातले ऊन पायाला पोळत असते; दोन मजले उतरले की तेच ऊन खांबांच्या नक्षीवर मंद उजेड होऊन पडते आणि हवा गार लागते.

ज्यांच्या घरामागे थोडीशी मोकळी जागा आहे, अशा पुष्कळांना ही गारवा देणारी खोली मोह घालते. नव्या बंगल्यांच्या नकाशांत हल्ली ‘सन्कन पॅटिओ’ हा शब्द वरचेवर दिसतो. परसदारातला एक तुकडा दोन-तीन फूट खणायचा, तळाला फरशी घालायची, कडेने बांधीव बैठक करायची आणि संध्याकाळी साऱ्या कुटुंबाने तेथे उतरून बसायचे, अशी त्यामागची कल्पना. चित्रात ती फार मोहक दिसते. चित्रात पाऊस पडत नसतो, हे त्याचे एक कारण आहे.

जमिनीत उतरणे म्हणजे पाण्याकडे जाणे, हा वावेचा पहिला धडा होय. राणीने खोली मागितली ती पाण्यासाठी. गारवा ही त्या खोलीची वरकड मिळकत. पाटणची राणी की वाव याच धड्याची दुसरी बाजू दाखविते. सोळंकी राजा भीमदेव पहिला याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने अकराव्या शतकात ती उभारली. लांबी सुमारे ६४ मीटर, रुंदी २०, खोली २७. २०१४ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. परंतु मधली कित्येक शतके ही वास्तू जवळजवळ अदृश्य होती. सरस्वती नदीच्या पुराने आणलेल्या गाळाने ती भरून गेली होती, आणि विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने गाळ उपसला तेव्हा तिच्या मूर्ती पुन्हा उजेडात आल्या. राजवैभवातून उभी राहिलेली वास्तू पाण्याने आणि मातीने भरते, तेथे परसातल्या दहा-बारा फुटांच्या खड्ड्याची काय कथा! जे सखल आहे तिकडे पाणी जाणारच. प्रश्न इतकाच की ते आल्यावर पुढे कोठे जायचे, हे घर बांधणाऱ्याने ठरवून ठेवले आहे की नाही.

या प्रश्नाचे दुसरे उत्तर अहमदाबादेतच, भिंतीआडच्या जुन्या शहरात सापडते. १४११ साली वसलेल्या या शहराला २०१७ साली जागतिक वारसा नगरीचा मान मिळाला, तो तिथल्या पोळांमुळेही. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळी पायी फिरत जाणारी वारसाफेरी १९९७ पासून चालू आहे. वाटेत देरासरे लागतात, पाखरांना दाणा घालण्याचे चबुतरे लागतात, आणि एखादे दार उघडे असले तर घराचा आतला क्रमही दिसतो. आधी ओटला, मग खडकी, मग वरून उघडा चौक, त्यापलीकडे परसाळ आणि शेवटी ओरडो. जैन आणि वैष्णव व्यापारी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली ही रचना. चौक परसाळीपेक्षा एखादी पायरी खाली असतो, अधिक नाही. अरुंद, उंच घराच्या पोटात तेवढ्या उघड्या चौकोनातून उजेड येतो, वारा खेळतो, आणि पाऊसही येतो.

त्या पावसाची सोय चौकाच्या फरशीखाली असे. तेथे चुन्याने गिलावा केलेले टाके बांधीत. छप्पर पहिल्या पावसाने धुऊन निघाले की ते पाणी बाहेर सोडीत आणि नंतरचे नळीवाटे टाक्यात घेत. टाके झाकलेले, अंधारे. त्यामुळे पाण्याला ऊन लागत नसे आणि त्यात शेवाळ धरत नसे. पाणी गाळून घ्यायचे, गाळणीच्या कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव जपून पुन्हा पाण्यातच सोडायचे, ही रीत ज्या घरांत पाळली जाई, त्या घरांनी आपला चौक बांधताना पाण्याचा विचार शेवटी केला असेल, हे संभवतच नाही. चौकाची एक पायरी, फरशीचा उतार आणि टाक्याचे तोंड ही एकाच हिशेबाची तीन कलमे होती.

साबरमतीच्या पलीकडे, गुजरात विद्यापीठाजवळ, तिसरा पाठ मिळतो. मुनी पुण्यविजयजींच्या प्रेरणेने आणि शेठ कस्तुरभाई लालभाईंच्या पुढाकाराने स्थापन झालेले लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिर हे जैन हस्तलिखितांचे मोठे भांडार. त्याची इमारत बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ मध्ये पुरी केली. ज्यांना २०१८ साली वास्तुकलेतले प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले ते हे दोशी मूळ पुण्याचे. १९२७ साली तेथे, फर्निचरचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हस्तलिखितांना उष्णता नको, प्रखर उजेड नको आणि ओल तर मुळीच नको. दोशींनी मुख्य मजला जमिनीपासून उचलला आणि त्याखालचा मजला अर्धाच जमिनीत ठेवला. पूर्ण खाली गेले असते तर ओलीची भीती, पूर्ण वर राहिले असते तर उन्हाची. अर्ध्या उंचीवर दोन्ही साधले.

पुढे १९८० साली त्यांनी स्वतःचे कार्यालय ‘संगाथ’ बांधले, तेही असेच काही अंशी जमिनीत उतरलेले. वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढविलेली गोल छपरे, आणि त्यांवरून ओघळणारे पावसाचे पाणी पन्हळींतून वाहत खालच्या हौदांकडे जाते. पाणी कोठून कोठे चालले आहे, हे तेथे उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

गुजरातेत पाहिलेले हे सारे महाराष्ट्रात परतल्यावर अपरिचित वाटू नये. पुण्याचा विश्रामबागवाडा किंवा वाईजवळच्या मेणवलीतला नाना फडणविसांचा वाडा पाहताना चौकात उभे राहिले की भोवतालचे सोपे आपल्यापेक्षा उंच दिसतात. चौक खोल आहे असे वाटते. वास्तविक तो खणलेला नसतो. तो जमिनीच्याच पातळीला असतो, वर उचललेले असते ते घराचे जोते. म्हणून चौकातले पाणी मोरीवाटे सहज बाहेर पडते, त्याला चढावे लागत नाही. खाली उतरून बसल्याचा आधार, भोवतालच्या कडांचा निवारा आणि वर आभाळ, हे सर्व वाड्याने मिळविले ते जमीन न खणता. लहान परसात सखल बैठक करू पाहणाऱ्याला यापेक्षा उपयोगी दाखला मिळणे कठीण आहे.

तो प्रत्यक्षात कसा उतरवावा, हे एका हिशेबाने पाहणे सोयीचे होईल. परस वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद आहे असे धरू. त्यात बारा फूट बाय दहा फुटांची बैठक करायची आहे. तीन फूट खोल जायचे ठरविले, तर सहा इंचांचे सहा चढ लागतात. पायरी एक फूट रुंद धरली तर जिन्यानेच पाच फूट खाल्ले. बारा फुटांतले पाच गेले, मग बसायचे कोठे? खोली दीड फूट ठेवली तर तीन चढ पुरतात आणि जिना दोन फुटांत आटोपतो. शिवाय दीड फूट म्हणजे खुर्चीच्या बैठकीची उंची. काठाची भिंत दगडी पट्टीने बांधून रुंद केली की तीच बैठक होते. गुडघे दुखणाऱ्या आजीला मात्र त्या जिन्याला एका बाजूने कठडा हवा, तेवढा खर्च वाचवू नये.

आता मातीचा हिशेब. तळाला खडी, काँक्रीट आणि फरशी यांसाठी आणखी सात-आठ इंच खणावे लागते. म्हणजे दीड फुटाच्या बैठकीसाठी दोन फुटांहून अधिक खोदाई, सुमारे अडीच ब्रास माती. उकरलेली माती फुगते, त्यामुळे वाहून नेताना ती तीन ब्रासच्या पुढे जाते. लहान परसाला बहुधा मागून गाडीवाट नसते. ही माती घमेल्याघमेल्याने घराच्या बोळातून बाहेर काढावी लागते. त्याऐवजी वाड्याची रीत धरावी. फरशीची पातळी फक्त नऊ इंच खाली न्यावी आणि निघालेली माती भोवतालच्या भागात पसरून, दाबून तो नऊ इंच उंच करावा. उतरताना पावलाला दीड फूटच मिळतो, पण खोदाई पावणेदोन ब्रासवर येते आणि बरीचशी माती परसातच जिरते. मात्र ही माती घराच्या किंवा कुंपणाच्या भिंतीला टेकवू नये. टेकवली की भिंतीला ओल चढते आणि शेजाऱ्याशी बोलाचाली सुरू होते. मध्ये फूटभर पट्टी मोकळी सोडून तेथून पन्हळ काढावी. उंच केलेल्या भागाचा उतार बैठकीकडे न देता त्या पन्हळीकडे द्यावा.

पृथ्वीकायाचा विचार करणाऱ्या कुटुंबात जमीन खणणे ही हौसेने करण्याची गोष्ट नव्हे. जे करणे आहे ते जेवढ्यास तेवढे आणि जपून करणे, यालाच यतना म्हणतात. येथे यतना आणि काटकसर दोघींचा सल्ला एकच पडतो, हा योग व्यापारी माणसाला पटण्यासारखा आहे. खोदाईचा काळही त्याच दृष्टीने निवडावा. चातुर्मासात ओल्या मातीत जीवजंतू भरलेले असतात, कडा ढासळतात, काँक्रीट नीट बसत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर माती वाळू लागते. तेव्हा काम काढले तर फाल्गुनापर्यंत निवांत पुरे होते.

सर्वांत महत्त्वाचे खाते पाण्याचे. बारा बाय दहा फूट म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर त्या चौकोनात अकराशे लिटर पाणी थेट आभाळातून पडते. पन्नास चौरस मीटर छपराची नळी तिकडेच सोडलेली असेल तर आणखी पाच हजार लिटर. म्हणून छपराचे पाणी बैठकीकडे येऊ देऊ नये. पोळातल्या घराप्रमाणे ते टाक्यात घ्यावे किंवा वेगळ्या वाटेने काढावे. थेट पडणाऱ्या पाण्यासाठी फरशीला दर ऐंशी इंचांस एक इंच उतार द्यावा. दहा फुटांत तो दीड इंच होतो, बसताना जाणवत नाही. सर्वांत सखल कोपऱ्यात जाळी आणि गाळ धरणारा लहान हौद, तेथून नळी.

ही नळी कोठे पोचते, यावर बैठकीची खोली ठरते. समजा, घरासमोरच्या गटाराचा तळ परसाच्या पातळीपेक्षा तीस इंच खाली आहे. तीस फूट लांबीच्या नळीला दर शंभरास एक या प्रमाणात चार इंच उतार लागला, हौदाला सहा इंच, फरशीच्या उताराला दीड. बाकी राहिले साडेअठरा इंच. म्हणजे दीड फुटापलीकडे खणणे तेथे शक्यच नाही; अर्धे खणून अर्धे उचलले तर हाताशी नऊ-दहा इंच शिल्लक राहतात. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी अर्ध्या तासात मोजून देतो. नकाशा काढण्याआधी ही मोजणी करावी. गटार तुंबल्यावर उलटे पाणी परसात शिरू नये म्हणून नळीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी. गटार उथळ असेल आणि पाणी जिरविणारा मुरूमही खाली नसेल, तर खणण्याचा बेत सोडून नुसते भोवताल उचलावे. पंपावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. पावसाचा जोर आणि वीज जाणे या दोन गोष्टी आपल्याकडे सोबतच येतात.

काळ्या मातीच्या गावांत आणखी एक सावधगिरी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी काठाच्या भिंतीला आत ढकलते. भिंतीच्या मागे खडी भरून भिंतीत पाणी निघायला छिद्रे ठेवली, तर मातीतले पाणी भिंतीवर जोर न करता बाहेर येते.

हे सारे एवढ्या बारकाईने पाहायचे ते फरशी कोरडी राहावी म्हणून. पाणी साचलेल्या फरशीवर चार दिवसांत हिरवी साय धरते. इतर घरांत तो पाय घसरण्याचा धोका. जैन घरांत त्याहून मोठी अडचण. शेवाळ म्हणजे अनंतकाय. जी आजी रस्त्यात लीलफूग दिसली तर पाय उचलून वळसा घेते, ती पर्युषणाच्या दिवसांत या बैठकीत उतरणारच नाही. हजारो रुपये घालून कुटुंबासाठी केलेली जागा कुटुंबातल्या सर्वांत वडील माणसाला वर्षातले चार महिने बंद राहील. शेवाळ खरवडून काढणे हा त्यावर उपाय नव्हे, ते धरूच नये अशी रचना हाच उपाय. त्यासाठी बैठक मोठ्या झाडाच्या दाट सावलीत नसावी, दुपारचे ऊन तळापर्यंत यावे आणि फरशी गुळगुळीत न घेता खडबडीत शहाबादी घ्यावी. सांधे पक्के भरावेत, म्हणजे त्यांत ओल राहत नाही.

खड्ड्यात पाणी येते तसे जीवही येतात. पावसाळ्यात बेडूक, गांडुळे कडेवरून खाली पडतात आणि उभ्या भिंतीवरून त्यांना परत चढता येत नाही. सकाळी फरशी तापली की ते तेथेच मरतात. एका कोपऱ्यात पायऱ्यांऐवजी खडबडीत दगडाचा हातभर रुंद तिरपा उतार ठेवला, की त्यांना आपली वाट मिळते. पाण्याच्या जाळीची छिद्रे बारीक असावीत. रोज सकाळी मऊ पुंजणीने फरशी झाडून मगच तेथे बसावे. अशा गोष्टी कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात नसतात. त्या घरच्या माणसानेच सांगाव्या लागतात.

उरला प्रश्न उजेडाचा. पाच फुटांचे पश्चिमेचे कुंपण दीड फूट खाली बसलेल्या माणसाला साडेसहा फुटांचे होते. सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर आला की त्याची सावली अकरा फुटांपर्यंत पोचते, म्हणजे बहुतेक सारी बैठक झाकली जाते. ही वेळ सूर्यास्तापूर्वी सुमारे दोन तासांची. ज्या घरांत रात्री दिवे लावून बाहेर जेवायचे असते त्यांना ही सावली लवकर आल्यासारखी वाटेल. शिवाय सखल जागेत दिवा लावला की कीटक त्याभोवती जमतात आणि तेथेच पडतात. चोविहार पाळणाऱ्या घराला मात्र हीच वेळ हवी असते. फरशीवरून ऊन सरलेले असते, आभाळात उजेड भरपूर असतो, दिव्याची गरज नसते. दुकानातून तासाभरासाठी घरी आलेला मुलगा, शाळेतून आलेली नातवंडे आणि काठाच्या दगडी बैठकीवर टेकलेली आजी एकत्र जेवतात. सूर्य मावळण्याआधी ताटे उचलली जातात, पाणी घेतले जाते, आणि दुकानाकडे परतणारा मुलगा तीन पायऱ्या चढून निघून जातो.